चेतातंतू लांब कसा होतो आणि जाड कोण करतं?

माणसाच्या मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला काही चेतापेशी असतात. त्यांच्यातून निघालेला एकेक तंतू मांडी, गुडघा, पोटरी ओलांडून पायाच्या तळव्यातल्या स्नायूंपर्यंत जातो. वाटेत कुठे जोड नाही. मीटरभर लांबीचा हा भाग एकाच पेशीचा असतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ॲक्झॉन. जिथे केंद्रक असतं आणि जिथे बहुतेक प्रथिनं तयार होतात, तो पेशीदेह मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाच. हिशेब मांडून पाहा: दहा मायक्रोमीटर जाडीच्या मीटरभर अक्षतंतूचं आकारमान त्याला पोसणाऱ्या पेशीदेहाच्या हजारपटीहून जास्त भरतं. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

ही लांबी कुणालाही थक्क करते, आणि चेतासंस्थेवरचे लेख बहुधा तिथेच रेंगाळतात. मला जास्त विलक्षण वाटते ती जाडी. आपल्या शरीरात 0.2 मायक्रोमीटरपासून 20 मायक्रोमीटरपर्यंतचे अक्षतंतू आहेत, म्हणजे जाडीत शंभरपट फरक. चेता म्हणजे अशा अनेक तंतूंची जुडी. पायात जाणाऱ्या सायटिक चेतेचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर हे जाडे-बारीक तंतू एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. शेजार तोच आणि रक्तपुरवठाही तोच. मग एक तंतू बारीक का राहिला आणि दुसरा जाड का झाला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जवळपास अर्धं शतक गेलं. जे उत्तर हाती आलं, त्यात ज्या प्रथिनांना कित्येक वर्षं नुसता भराव समजलं जात होतं, ती मध्यभागी आली.

जाडीला एवढं महत्त्व कशासाठी, ते ठेच लागल्यावर कळतं. अंगठा दगडावर आपटला की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि मग साधारण सेकंदभराने खोल, जळजळणारं दुखणं पसरतं. जखम एकच, पण बातमी दोन वेगवेगळ्या तंतूंनी येते. पहिली आणणारे तंतू एक ते पाच मायक्रोमीटर जाडीचे, मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण असलेले; त्यांचा वेग सेकंदाला पाच ते तीस मीटर. दुसरी आणणारे तंतू मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक, उघडे; त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर. स्नायूंचा ताण मेंदूला कळवणारे सर्वांत जाड तंतू तर सेकंदाला शंभर मीटरपर्यंत जातात. जोसेफ एरलँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी तंतूंचे हे वेगवेगळे गट ओळखले आणि त्यांना 1944 चं नोबेल मिळालं. 1939 मध्ये हर्श यांनी मांजराच्या चेतांवर मोजमाप करून एक सोपा नियम दिला: आवरणासकट जाडी मोजली तर दर मायक्रोमीटरमागे वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरने वाढतो.

आवरण नसेल तर मात्र हा व्यवहार महागात पडतो. तिथे वेग जाडीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट हवा तर जाडी चौपट करावी लागते. समुद्रातल्या स्क्विडने, आपल्या कोकणातल्या माकूलच्या जातभाईने, हीच किंमत मोजली आहे. धोका दिसताच पाण्याचा झोत मागे सोडून पळण्यासाठी त्याच्याकडे अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा अक्षतंतू असतो. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. तो इतका जाड असल्यामुळेच हॉजकिन आणि हक्सली त्यात विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) घालू शकले आणि चेतासंदेश कसा धावतो याचं गणित 1952 मध्ये मांडू शकले.

मग सगळेच तंतू जाड का नाहीत? जागा नाही म्हणून. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत सुमारे दहा लाख अक्षतंतू असतात आणि त्यांतले बहुतेक मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचे असतात. प्रत्येकाची जाडी दहापट केली तर आज तीनेक मिलिमीटर जाडीची असलेली ही चेता तीन सेंटिमीटरची होईल. खुद्द नेत्रगोलच अडीच सेंटिमीटरपेक्षा थोडा लहान असतो. त्यामुळे जाडी ही शरीराला अगदी तोलूनमापून वाटावी लागणारी गोष्ट आहे.

आधी लांबी

गर्भात अक्षतंतू प्रथम फक्त लांब होतो. तेव्हा तो अतिशय बारीक असतो. त्याच्या पुढच्या टोकाला पसरट, सतत चाचपडणारा भाग असतो, त्याला वृद्धिशंकू म्हणता येईल. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1890 मध्ये रंगवलेल्या मृत पेशींमध्ये तो पाहिला आणि हे वाढीचं टोक आहे हे ओळखलं. 1907 मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातली ऊती काचेवर जिवंत ठेवून तंतू प्रत्यक्ष पुढे सरकताना पाहिला, तेव्हा तो एकाच पेशीतून वाढतो की अनेक पेशी जोडून बनतो, हा वाद मिटला.

या टोकात दोन प्रथिनांचं काम चालतं. कडेला ॲक्टिनचे सात नॅनोमीटर जाडीचे धागे असतात. नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. ते पुढे वाढतात, मागे ओढले जातात, आणि त्यातून टोक समोरच्या पृष्ठभागाला धरत धरत सरकतं. मागून ट्यूब्युलिनच्या सूक्ष्मनलिका येतात, 25 नॅनोमीटर जाडीच्या आणि पोकळ. ॲक्टिनने चाचपून ठरवलेल्या दिशेत या नलिका शिरल्या की तो रस्ता पक्का होतो आणि तंतूची लांबी वाढते. या नलिका सतत जुळतात आणि अचानक कोसळतातही. मिचिसन आणि कर्शनर यांनी 1984 मध्ये हे दाखवलं. अक्षतंतूत त्यांना स्थिर ठेवायला टाऊसारखी साहाय्यक प्रथिनं असतात. अल्झायमरच्या संदर्भात बदनाम झालेलं टाऊ ते हेच.

नलिकांचं महत्त्व कुठे दिसतं, तर कर्करोगाच्या वॉर्डात. आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टिन हे औषध मिळतं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते मोलाचं आहे. ट्यूब्युलिनला जुळू न दिल्यामुळे कर्करोगाच्या पेशींचं विभाजन थांबतं. पण त्याच गुणामुळे हातापायांना मुंग्या येतात आणि पाऊल लटकं पडतं, कारण सर्वांत लांब अक्षतंतूंची वाहतूक याच नलिकांवरून चालते.

तंतू लक्ष्यापर्यंत पोचला, स्नायूशी जोडला गेला, की लांबीचं पहिलं पर्व संपतं. पुढे शरीर वाढतं तसा तो ताणला जाऊन वाढत राहतो. आणि मग सुरू होतं ते दुसरं काम: जाड होणं.

मग जाडी

जाड अक्षतंतूचा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सूक्ष्मनलिका तुरळक दिसतात. बाकी सगळी जागा दहा नॅनोमीटर जाडीच्या, लांबीच्या दिशेने अंथरलेल्या धाग्यांनी व्यापलेली असते. हे न्यूरोफिलामेंट. 1970 मध्ये फ्रीड आणि सामोरायस्की यांनी लहान-मोठ्या उंदरांच्या (माइस आणि रॅट) सायटिक चेतेत हे धागे मोजले. तंतूच्या छेदाचं क्षेत्रफळ जसं वाढतं तशी त्यांची संख्या वाढते, असं त्यांना आढळलं.

हे धागे कशाचे बनलेत, हे 1975 मध्ये पॉल हॉफमन आणि रेमंड लासेक यांनी उलगडलं. त्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ल चेतापेशींजवळ टोचलं आणि काही आठवड्यांनी चेतेचे तुकडे करून नव्याने बनलेली प्रथिनं कुठवर पोचली ते पाहिलं. सर्वांत संथ चालणाऱ्या लाटेत मुख्यतः पाच प्रथिनं होती. दोन ट्यूब्युलिनची, ओळखीची. उरलेली तीन म्हणजेच न्यूरोफिलामेंटचे घटक: हलकं, मध्यम आणि जड. आज त्यांना एनएफ-एल, एनएफ-एम आणि एनएफ-एच म्हणतात. मेंदू व मज्जारज्जूत त्यांच्या जोडीला अल्फा-इंटरनेक्सिन आणि बाहेरच्या चेतांत पेरिफेरिन असतं. हलकं प्रथिन धाग्याचा गाभा उभारतं. मध्यम आणि जड प्रथिनांची लांब शेपटं धाग्याच्या बाहेर आलेली असतात आणि त्या शेपटांवर फॉस्फेट बसवायच्या पुष्कळ जागा असतात.

धागे जास्त तिथे तंतू जाड, हे दिसलं. पण धाग्यांमुळे जाडी येते की जाडीमुळे धागे साठतात? याचं उत्तर एका पक्ष्याने दिलं. जपानमध्ये पाळीव बटेरांच्या एका वाणात सतत थरथरणारे पक्षी जन्मत होते. त्यांच्या अक्षतंतूंत न्यूरोफिलामेंट जवळजवळ नव्हतेच. 1993 मध्ये कारण सापडलं: हलक्या प्रथिनाच्या जनुकात मध्येच थांबण्याची खूण आली होती, त्यामुळे प्रथिन अर्धवटच बनत होतं आणि धागा जुळत नव्हता. या पक्ष्यांचे तंतू बारीक होते आणि संदेश हळू जात होता. मात्र ते तंतू आपापल्या जागी पोचलेले होते. पुढे 1997 मध्ये झां-पिएर झ्युलियां यांच्या प्रयोगशाळेने हेच जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते वाढले, त्यांना पिल्लं झाली. काही अक्षतंतू कमी झाले आणि उरलेले बारीक राहिले.

लांबीचं आणि जाडीचं काम वेगवेगळ्या प्रथिनांकडे आहे, याचा हा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे असं मला वाटतं. माशी आणि झुरळ यांच्याकडे तर न्यूरोफिलामेंट मुळातच नसतात, तरी त्यांचे चेतातंतू बिनचूक वाढतात.

वाटेवरचे मुक्काम

आता खरी अडचण. धागे बनतात पेशीदेहात आणि ते लागतात मीटरभर अंतरावर. हॉफमन-लासेक यांच्या मोजमापांनुसार ही लाट दिवसाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकते. म्हणजे कमरेपासून पायापर्यंत पोचायला तीनेक वर्षं. पंचवीस वर्षं शास्त्रज्ञांचा समज असा होता की सगळं जाळं एकत्र, अखंड आणि अतिशय मंद गतीने पुढे सरकत असावं.

2000 मध्ये अँथनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी जिवंत पेशीतला एकेक धागा चमकता करून त्यावर नजर ठेवली. दृश्य अगदी वेगळंच निघालं. धागा चालतो तेव्हा झपाझप चालतो, सेकंदाला अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. पण तो फार वेळ थांबलेला असतो. आळंदीहून निघालेला वारकरी काही मुंगीच्या पावलांनी चालत नाही. तरीही अडीचशेएक किलोमीटरला अठरा-वीस दिवस लागतात, कारण वाटेत मुक्काम असतात. आणि दिंड्या जिथे मुक्कामाला थांबतात, त्या गावातली गर्दी तेवढ्यापुरती फुगते. अक्षतंतूत नेमकं हेच घडतं. धाग्यांचा ओघ एकसारखा असला, तरी ज्या भागात ते जास्त वेळ थांबतात तिथे त्यांची दाटी होते आणि तो भाग जाड होतो. जिथे ते न थांबता पुढे जातात तो भाग बारीक राहतो.

म्हणजे जाडी दोन गोष्टींवर ठरते: पेशीदेह किती धागे पाठवतो आणि वाटेत ते कुठे किती वेळ थांबतात. पहिली गोष्ट पेशीच्या हातात आहे. दुसरी नाही. या विषयाचं सगळ्यात सुंदर अंग मला वाटतं ते हेच, की अक्षतंतूची जाडी त्याची पेशी एकटी ठरवत नाही.

बाहेरच्या चेतांमध्ये श्वॉन पेशी अक्षतंतूभोवती मायलिनचे थरावर थर गुंडाळतात. हे आवरण चढू लागलं की आतला तंतू जाड व्हायला लागतो. आवरणात ठरावीक अंतरावर उघडी जागा असते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. तिथे तोच तंतू एकदम अरुंद होतो, मोठ्या तंतूंत निम्म्याहूनही कमी, आणि थोडं पुढे आवरण सुरू झालं की पुन्हा फुगतो. 2019 मध्ये ब्राउन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की धागे या अरुंद जागेतून जाताना वेग घेतात.

आवरणाचा हुकूम किती स्थानिक असतो ते स्कॉट ब्रेडी यांच्या गटाने 1991-92 च्या सुमारास दाखवलं. ट्रेम्ब्लर नावाच्या उंदरांत श्वॉन पेशींचा दोष असतो आणि त्यांना धड मायलिन बनवता येत नाही. अशा उंदराच्या चेतेचा तुकडा निरोगी उंदराच्या चेतेत मधोमध बसवला. निरोगी अक्षतंतू त्यातून वाढत गेले. त्या तुकड्यात असेपर्यंत ते बारीक, आतले धागे एकमेकांना चिकटून दाटलेले आणि शेपटांवर फॉस्फेट कमी. पेशी निरोगी, तंतू तोच, आणि तरीही शेजारच्या पेशी बदलताच त्याचं रूप तेवढ्यापुरतं बदललं. डोळ्याच्या बाबतीतही असंच दिसतं. पडद्यातून निघालेले तंतू नेत्रगोलात असेपर्यंत उघडे आणि बारीक असतात. नेत्रगोलाबाहेर पडून आवरणाच्या पेशी भेटल्या की जाड होतात. 1996 च्या एका अभ्यासात असंही आढळलं की मेंदूतल्या आवरण करणाऱ्या पेशी जवळ असल्या, पण त्यांच्याकडून घट्ट मायलिन बनलं नाही, तरी तंतू फुगतो. तेव्हा निरोप त्या पेशींकडून येतो, नुसत्या आवरणाच्या दाबातून नाही.

एक देखणा सिद्धांत आणि त्याचं काय झालं

हा निरोप धाग्यांपर्यंत कसा पोचतो? नव्वदच्या दशकात याचं एक फार समाधान देणारं उत्तर तयार होतं. जड प्रथिनाच्या शेपटावर लायसिन-सेरिन-प्रोलिन हा तीन अमिनो आम्लांचा क्रम चाळीसहून अधिक वेळा येतो आणि त्यातल्या प्रत्येक सेरिनवर फॉस्फेट बसू शकतं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. एकसारखे भार एकमेकांना लोटतात. म्हणून आवरणाकडून इशारा आला की शेपटांवर फॉस्फेट चढतं, शेपटं ताठ होऊन बाहेर येतात, धागे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि तंतू फुगतो. ट्रेम्ब्लर उंदरांची निरीक्षणं यात चपखल बसत होती. पाठ्यपुस्तकांतही हे चित्र आलं.

मग डॉन क्लीव्हलँड यांच्या प्रयोगशाळेतून आणि तिथून पुढे गेलेल्या संशोधकांकडून एकामागून एक प्रयोग आले. 2002 मध्ये उंदरांतल्या जड प्रथिनाचं, तेच ते सर्वाधिक फॉस्फेट असलेलं, शेपूट छाटून टाकलं. जाडीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2003 मध्ये मध्यम प्रथिनाचं शेपूट छाटलं. तंतू बारीक राहिले. म्हणजे आवरणाचा निरोप झेलणारं प्रथिन मध्यम होतं, जड नव्हे. तरीही फॉस्फेटची कल्पना वाचत होती. ती फक्त एका शेपटावरून दुसऱ्यावर गेली होती. 2009 मध्ये मध्यम प्रथिनाच्या शेपटावरच्या त्या विशिष्ट क्रमांतली सेरिनं बदलून तिथे फॉस्फेट बसूच शकणार नाही अशी व्यवस्था केली. तरी तंतू नेहमीप्रमाणे जाड झाले.

शेपूट लागतं, पण त्या जागांवरचं फॉस्फेट लागत नाही. 2012 मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडलं. मोठ्या प्राण्यांमध्ये मध्यम प्रथिनाचं शेपूट लांब असतं, हे लक्षात घेऊन उंदरांत ते लांब केलं. त्यांचे स्नायूंकडे जाणारे तंतू खरोखर जाड झाले. गंमत अशी की शेजारशेजारच्या धाग्यांमधलं अंतर वाढलंच नाही, म्हणजे एकमेकांना ढकलण्याची कल्पना इथेही उपयोगी पडली नाही. आणि संदेशाचा वेगही वाढला नाही. तंतू जाड झाला, पण मायलिनचे थर त्या प्रमाणात वाढले नाहीत. वेग हवा असेल तर दोन्हींचं प्रमाण जुळावं लागतं.

ही मालिका मी मुद्दाम सविस्तर सांगितली. देखणा सिद्धांत चूक ठरला म्हणून नव्हे, तर तो ज्या धीराने तपासला गेला त्यासाठी. एकेक जनुक बदललेला उंदीर तयार करायला वर्षं लागतात आणि बहुतेक वेळा हाती येतं ते फक्त "हे नाही" एवढंच. लोकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कितीतरी लेखांत अजूनही फॉस्फेटच्या ढकलाढकलीचंच चित्र असतं.

न्यूरोफिलामेंट आतून जागा व्यापतात. बाहेरून तंतूला आवळणारीही एक रचना आहे, आणि ती 2013 पर्यंत कुणालाच दिसली नव्हती. श्याओवेई झुआंग यांच्या गटाने अतिसूक्ष्म प्रकाशचित्रणाने दाखवलं की अक्षतंतूच्या पटलाच्या आतल्या बाजूला ॲक्टिनची कडी असतात, दर 180 ते 190 नॅनोमीटरवर एक, आणि दोन कड्यांमध्ये स्पेक्ट्रिनचे दुवे. कड्यांना धरून ठेवणारं ॲड्युसिन हे प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांत अक्षतंतू प्रमाणाबाहेर फुगतात. म्हणजे जाडीला वरची मर्यादाही आहे. या रचनेवरचं एक महत्त्वाचं काम आपल्याकडचं आहे: बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या प्रमोद पुल्लरकट यांच्या गटाने पुण्याच्या आयसरमधल्या अर्णब घोष यांच्या गटासोबत 2020 मध्ये दाखवलं की अक्षतंतू ताणला गेला की स्पेक्ट्रिनच्या घड्या उलगडतात आणि ताण सोसला जातो. गुडघा वाकवताना, हात लांब करताना आपल्या चेता रोज ताणल्या जातात. त्या तुटत नाहीत याचं श्रेय बऱ्याच अंशी या दुव्यांना आहे.

तंतू तुटतो तेव्हा

लांबी आणि जाडी ही दोन वेगळी कामं आहेत, हे जखमेनंतर पुन्हा दिसतं. मनगटाजवळ काच लागून चेता तुटली की तुटक्या भागापलीकडचा तंतू काही दिवसांत विरून जातो. कॅल्शियम आत शिरतं, कॅल्पेन नावाचं विकर जागं होतं आणि न्यूरोफिलामेंटचे तुकडे होतात. इकडे पेशीदेहात कारभार बदलतो: न्यूरोफिलामेंटचं उत्पादन घटतं आणि ट्यूब्युलिन, ॲक्टिन यांचं वाढतं. पेशी गर्भावस्थेतल्या वेळापत्रकाकडे परतते. हॉफमन आणि क्लीव्हलँड यांनी 1987-88 मध्ये हे मांडलं. धागे येणं कमी झाल्यामुळे जुना, शाबूत तंतूही पेशीदेहाच्या बाजूने बारीक होत जातो, आणि हा बारीकपणा संथ वाहतुकीच्याच गतीने पुढे सरकतो. नवं टोक दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढतं. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पंधरा-वीस सेंटिमीटर, म्हणजे कित्येक महिने. तंतू स्नायूला किंवा त्वचेला पुन्हा जोडला गेला की न्यूरोफिलामेंटचं उत्पादन परत वाढतं आणि जाडी येऊ लागते. बोटाला स्पर्श कळू लागला तरी हालचाल पूर्वीइतकी चपळ व्हायला वेळ का लागतो, याचं एक कारण इथे आहे.

ही प्रथिनं बिघडली की काय होतं? शार्को-मारी-टूथ हा आनुवंशिक आजार 1886 पासून माहीत आहे. पावलं कमानदार होतात, पोटऱ्या वाळतात, चालताना पाय उंच उचलावा लागतो. 2000 मध्ये त्याच्या एका प्रकाराचं मूळ हलक्या न्यूरोफिलामेंट प्रथिनाच्या जनुकात सापडलं. त्याच वर्षी दुसऱ्या टोकाचा आजारही उलगडला: धागे वेळेवर मोडीत काढणारं जिगॅक्झोनिन हे प्रथिन नसेल तर ते साठत जातात, अक्षतंतू जागोजागी भयंकर फुगतात, आणि लहान मुलांचं चालणं हळूहळू जातं. या मुलांचे केस बहुधा घट्ट कुरळे असतात, कारण केसांतलं केराटिनही याच कुळातल्या धाग्यांचं आहे. त्यावर पाठीच्या कण्यातून द्यायच्या जनुकोपचाराची पहिली चाचणी अमेरिकेत झाली. चिकटद्रव्यांत वापरल्या जाणाऱ्या हेक्झेनच्या वाफेनेही असेच धाग्यांनी भरलेले फुगे येतात; जपानमध्ये घरोघरी सँडल बनवणाऱ्या कामगारांना 1960 च्या दशकात हा त्रास झाला होता. बंद खोलीत चपलांना सोल्युशन लावणाऱ्या कुणालाही तो होऊ शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवणं ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आपल्या देशासाठी सर्वांत जवळचं उदाहरण कुष्ठरोगाचं आहे. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. त्याचे जंतू नेमके श्वॉन पेशींमध्ये घर करतात, म्हणजे ज्या पेशी अक्षतंतूला जाडीचा निरोप देतात त्यांच्यातच. मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत यावर अनेक वर्षं काम झालं. रुग्णांच्या चेतांचे तुकडे तपासून तिथल्या संशोधकांनी 2004 मध्ये न्यूरोफिलामेंट प्रथिनांत झालेले बदल नोंदवले. त्याआधी त्यांनी असं गृहीतकही मांडलं होतं की न्यूरोफिलामेंटवरच्या फॉस्फेटमध्ये होणारा बदल हा आवरण नष्ट होण्याच्या साखळीतला सुरुवातीचा दुवा असावा. हातापायांची संवेदना जाऊन माणूस भाजतो, कापतो आणि त्याला कळत नाही. या सगळ्याची सुरुवात इतक्या बारीक पातळीवर शोधणारी माणसं वरळीत बसून काम करत होती, याचा मला अभिमान वाटतो.

गेल्या काही वर्षांत या प्रथिनांना एक नवा उपयोग मिळाला आहे. अक्षतंतू तुटतात तेव्हा हलकं न्यूरोफिलामेंट मेंदूभोवतीच्या द्रवात आणि तिथून थोडंसं रक्तात उतरतं. ते इतकं कमी असतं की पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागात मोजावं लागतं. एकेक रेणू मोजणारी तंत्रं आल्यावर हे रक्ताच्या साध्या नमुन्यातून शक्य झालं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूतलं मायलिन नष्ट करणाऱ्या आजारात उपचार लागू पडतोय का, हे पाहायला ही चाचणी वापरतात. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावर टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत एप्रिल 2023 मध्ये जलद मान्यता मिळाली, तेव्हा रक्तातलं हे प्रथिन घटल्याचा पुरावा निर्णायक ठरला.

या आकड्याने घाबरून जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तंतू कुठेतरी तुटताहेत एवढंच तो सांगतो. कशामुळे, ते सांगत नाही. पक्षाघात झाला, डोक्याला मार लागला, तरी तो वाढतो. वयानुसारही तो हळूहळू चढतो, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाचा आकडा तिशीतल्या माणसाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. चेतारोगतज्ज्ञ म्हणूनच एकाच अहवालावर निष्कर्ष काढत नाहीत. लक्षणं, एमआरआय, चेतांच्या वेगाची तपासणी यांच्या जोडीला ते त्याच रुग्णाचा आधीचा आकडा ठेवतात आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त मागवतात.